वर्दीवरील घाव आणि न्यायाधीशाचा विवेक

कर्तव्यावर असलेला पोलीस शिपाई मारला गेला की त्याच्या चितेची राख निवण्यापूर्वीच एक मागणी कानी येऊ लागते, ती अशी की पोलिसाचा प्राण घेणाऱ्यास फाशीच झाली पाहिजे, आणि ती देणे न देणे न्यायाधीशाच्या मर्जीवर न ठेवता कायद्यानेच त्याच्यावर बंधनकारक केले पाहिजे. 2016 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खार येथे, हेल्मेटवाचून दुचाकी चालविणाऱ्या एका अल्पवयीन मुलाला अडविल्याच्या रागातून झालेल्या हल्ल्यात एका वाहतूक पोलिसाचा अंत झाला, तेव्हा राज्यभर उसळलेला संताप मी विसरलेलो नाही. तो संताप रास्तच होता. शिपाई स्वतःच्या भांडणापायी मरत नाही. जे काम वस्तुतः तुमचे आमचे, ते आपण त्याच्या खांद्यावर टाकलेले असते, आणि ते करीत असताना तो पडला म्हणजे पडलेला घाव आपल्या सर्वांच्या वतीने त्याने झेललेला असतो. हे सारे मान्य करूनही सक्तीच्या फाशीची मागणी मला मान्य करवत नाही.

आपल्या फौजदारी कायद्याने पोलिसाच्या खुनाचा निराळा गुन्हा कधी मानला नाही. पूर्वीच्या दंडसंहितेचे कलम 302 आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 103 यांच्यापुढे शिपायाचा खून आणि सावकाराचा खून एकाच नावाने उभे राहतात, व दोन्हींना सजा फाशी किंवा जन्मठेप. पण यावरून कायद्याने वर्दीची काही बूजच ठेवली नाही असे म्हणणे गैर होईल. 1980 साली बचन सिंग खटल्यात फाशीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा डॉ. चितळे या विद्वान वकिलांनी अपराधाचे गांभीर्य वाढविणाऱ्या परिस्थितींची जी यादी मांडली, तीत कामावर असलेल्या, अथवा कर्तव्य बजावल्याच्या सुडापायी मारल्या गेलेल्या, सैनिकाचा, पोलिसाचा वा अन्य लोकसेवकाचा खून स्पष्ट शब्दांत नमूद होता. न्यायालयाने अशा कसोट्यांना हरकत घेतली नाही. एवढेच सांगितले की त्यांनी न्यायाधीशाचे हात बांधले जाऊ नयेत. म्हणजे वर्दीचे वजन तराजूत घातले जातेच. प्रश्न आहे तो तराजूच काढून घ्यायचा की काय, एवढाच.

असा तराजू एकदा काढून घेतलेला होता, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. जन्मठेप भोगीत असलेल्या कैद्याने खून केला तर त्याला फाशीच, दुसरी सजा नाही, असे जुन्या संहितेचे कलम 303 सांगत होते, आणि ही तरतूद मुख्यतः तुरुंगातील पहारेकऱ्यांच्या रक्षणासाठी केलेली होती. ज्याला आणखी जन्मठेपेचे भय उरलेले नाही त्याला दोराखेरीज कशाचा धाक घालणार, हा त्यामागचा हिशेब. 1983 साली मिठू खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालपत्रातील युक्तिवादाचा गाभा असा की, अपराध कोणत्या परिस्थितीत घडला, अपराधी कोण, त्याला चिथावणी कोणी दिली, यांतील काहीही न पाहता एखाद्याचा जीव घ्यावयास न्यायाधीशाला भाग पाडणारा कायदा समतेच्याही विरुद्ध आहे आणि जीविताच्या हक्काच्याही. पहारेकऱ्याच्या जिवाचे मोल त्या न्यायमूर्तींनी कमी लेखले असे कोण म्हणेल? नव्या संहितेच्या कलम 104 मध्येही अशा कैद्यासाठी फाशीच्या जोडीला मरेपर्यंतच्या कारावासाचा पर्याय ठेवावा लागला आहे.

पोलिसाच्या मृत्यूने क्षुब्ध झालेला समाज न्यायासनावर बसला म्हणजे काय घडते, याचा दाखला इंग्लंडात आहे. 2 नोव्हेंबर 1952 च्या रात्री क्रॉयडन येथील एका वखारीच्या छपरावर दोन मुले चोरीच्या इराद्याने चढली. पिस्तूल झाडणारा क्रेग सोळा वर्षांचा आणि त्याचा सोबती डेरेक बेंटली एकोणीस वर्षांचा, बुद्धीने मंद. सिडनी माइल्स हा शिपाई क्रेगच्या गोळीने पडला तेव्हा बेंटली काही मिनिटांपूर्वीच पोलिसांच्या ताब्यात आलेला होता. क्रेग वयाने लहान म्हणून त्याला फाशी देता येईना, आणि ज्याने गोळी झाडली नाही तो बेंटली, ज्यूरीने दयेची शिफारस केलेली असतानाही, 28 जानेवारी 1953 रोजी फासावर चढला. खटला चालविणाऱ्या लॉर्ड गॉडर्ड यांनी ज्यूरीपुढे समारोप करताना पोलिसांच्या शौर्याचा असा काही गौरव केला होता की, त्यांच्या साक्षीवर शंका घेणे हीच कृतघ्नता वाटावी. पंचेचाळीस वर्षांनी, 1998 मध्ये, अपील न्यायालयाने त्या समारोपामुळे आरोपीला निष्पक्ष न्याय मिळाला नाही असे म्हणून दोषसिद्धी रद्द केली. माइल्सचे शौर्य खरे होते, त्याचा मृत्यू खरा होता. पण त्यासाठी ज्या मुलाचा बळी दिला गेला त्याला परत आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही न्यायालयात नव्हते.

तरीही 1957 च्या कायद्याने त्या देशात पोलिसाचा खून फाशीयोग्य खुनांच्या निवडक वर्गात राहिला, आणि विष घालून बायकोला मारणारा मात्र त्यातून सुटला. 1965 मध्ये खुनासाठीची फाशीच तहकूब झाली, आणि वर्षभराच्या आत, 12 ऑगस्ट 1966 रोजी, लंडनच्या शेपर्ड्स बुश भागात तीन पोलीस भरदिवसा गोळ्या घालून मारले गेले. लोकक्षोभ किती भडकला असेल याची कल्पना करावी. तथापि पार्लमेंटने दोर पुन्हा बाहेर काढला नाही. मुख्य अपराधी 48 वर्षे तुरुंगात राहिला.

आणि आपल्याकडचे चौरीचौरा? 4 फेब्रुवारी 1922 रोजी जमावाने ठाणे पेटवून वीसहून अधिक पोलीस मारले, गांधीजींनी बार्डोलीस असहकाराची चळवळ थांबविली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पुढचा मुकदमा मात्र क्वचितच कोणी सांगतो. सत्र न्यायालयाने 172 जणांना फाशी सुनावली. पंडित मदनमोहन मालवीयांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात त्यांची कैफियत मांडली, आणि परकी सरकारच्याच त्या न्यायालयाने पुरावा माणूसवार तपासून 19 फाश्या कायम केल्या, 110 जणांना काळ्या पाण्याची सजा दिली व 38 जणांना निर्दोष सोडले. सक्तीची फाशी असती तर त्या 110 जणांचे काय झाले असते? त्या ठाण्यात जळून मेलेले शिपाईही गरिबाघरचे हिंदी लोकच होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यांचे स्मारक आणि फाशी गेलेल्यांचे स्मारक, दोन्ही आज त्याच गावी उभी आहेत.

सजा वाढविली की संरक्षण वाढते हा समज महाराष्ट्रानेही अजमावून पाहिला आहे. लोकसेवकावरील हल्ल्याच्या कलम 353 ची सजा 2017 च्या दुरुस्तीने दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेण्यात आली, आणि ज्या कलमाने हल्लेखोर जरबेत यावयाचा, ते तहसील कचेरीत आवाज चढविणाऱ्या शेतकऱ्याला ‘353 लावीन’ असे धमकावण्याच्याही कामी येऊ लागले. नव्या संहितेच्या कलम 132 मध्ये ती मुदत पुन्हा दोन वर्षांवर आली आहे.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे अजमल कसाबच्या बंदुकीची नळी हाताने धरून उभे राहिले, आणि अंगावर गोळ्या घेत त्यांनी त्याला जिवंत पकडून दिले. त्या कसाबलाही सरकारी खर्चाने वकील मिळाला, मे 2010 मध्ये विशेष न्यायालयाने फाशी दिल्यानंतर उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात त्याची अपिले ऐकली गेली, आणि मग 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात तो फाशी गेला. त्याच खटल्यातील दोन सहआरोपी मात्र पुराव्याअभावी निर्दोष सुटले. ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. परंतु स्वयंचलित बंदुकीसमोर उभे राहताना त्यांच्या हातात केवळ लाठी होती, आणि फाशीची मागणी करणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीने आपल्या मतदारसंघातल्या पोलीस ठाण्यात जाऊन, आज रात्रीच्या गस्तीवर निघणाऱ्या शिपायाच्या हातात काय आहे आणि अंगावर काय आहे, याची आधी चौकशी करावी, असे माझे मागणे आहे.