कट्ट्यावरचा काळा दगड

गेल्या ईदच्या आधी घराची साफसफाई काढली होती. सोप्यातल्या शहाबादी फरशीवर जुने डाग होते आणि न्हाणीसाठी आणलेली ॲसिडची बाटली हाताशी होती. मागचा-पुढचा विचार न करता थोडे ओतले. फरशी एकदम फसफसली. धुऊन पाहते तर डागाबरोबर वरची चकाकीही गेलेली, ताटाएवढा खरबरीत चट्टा राहिला. तेच ॲसिड ओघळून न्हाणीच्या घडीव दगडावर गेले होते, पण त्याला काहीच झाले नाही. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "शाळेत पोरांना काय शिकवतीस गं तू?"

शिकवते ते हेच! सहावीच्या भूगोलात खडकांचे तीन प्रकार आहेत: अग्निज, स्तरित आणि रूपांतरित. मुले घडाघडा म्हणून दाखवतात. यंदा मात्र एका मुलीने विचारले, "मॅडम, आमच्या कट्ट्याचा दगड काळा आहे, म्हणजे तो अग्निज ना?"

तिचे चुकले असे कसे म्हणू? आपल्या कोल्हापुरात काळा दगड म्हटला की तो बेसाल्टच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि लाव्हा उसळून दूरवर पसरला. एक थर निवला की त्यावर दुसरा, असे कितीतरी थर साचले. जोतिबाच्या डोंगराकडे पाहिले तर उतारावर पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. लाव्हा उघड्यावर लवकर थंड झाला, म्हणून बेसाल्टचे कण इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. तोच तप्त रस जमिनीच्या पोटात सावकाश निवला तर कण मोठे होतात. ग्रॅनाइटवर ठिपके दिसतात ते त्यामुळे. दोन्ही अग्निज. आपला पाटा-वरवंटा, जाते, कसबा बावड्याकडे येताना लागणारा १८८४ चा नवा राजवाडा, सगळी या काळ्या दगडाची माया. विजापूरचा गोलघुमटही त्याच दगडाचा.

पण कट्ट्यावरचा कडप्पा काळा असूनही या घराण्यातला नाही. तो आंध्रातला चुनखडक आहे. शहाबादी फरशी कर्नाटकातली, तीही चुनखडकच. फार पूर्वीच्या समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर बसून दाबला गेला, त्याचा हा दगड झाला. म्हणून तर शहाबादी पातळ पातळ फरश्यांत सुटते. आणि चुना असल्यामुळे ॲसिड पडले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. माझ्या सोप्यात फसफसले ते हेच. तेव्हा दगडाची जात रंगावरून ठरत नाही, तो कसा घडला यावरून ठरते.

तिसरा प्रकार रूपांतरित. हाच चुनखडक जमिनीत खोल गाडला जाऊन उष्णतेने आणि दाबाने बदलला की संगमरवर होतो. (संग म्हणजे दगड, उर्दूतला संगमरमर मराठीत येऊन संगमरवर झाला.) ताजमहालात मकराण्याचा रूपांतरित संगमरवर आहे आणि शेजारच्या मशिदीला लाल वालुकाश्म, म्हणजे गाळाचा दगड. आमच्या पिढीने ज्या दगडी पाटीवर अलिफ-बे गिरवले ती स्लेटची पाटीही रूपांतरित, मूळची चिखलाची.

मग पन्हाळ्यावरचा लाल, भोकाभोकांचा जांभा कुठल्या खणात टाकायचा? मुले दरवर्षी इथे अडतात. लाखो वर्षांच्या पावसाने बेसाल्टमधले विरघळणारे सगळे धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. त्या लोहाचा गंज म्हणजे जांभ्याचा लाल रंग. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेत घट्ट होतो. तीन खणांत तो नीट बसत नाही आणि मी तो बळेच बसवतही नाही.

आता घरच्या उपयोगाचे. पॉलिश केल्यावर कडप्पा आणि काळा ग्रॅनाइट नवख्या माणसाला सारखेच दिसतात, दरात मात्र बराच फरक असतो. दुकानातून तुकडा मागून आणावा, त्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसावे. डाग निस्तेज झाला तर तो चुन्याचा दगड. अशा कट्ट्यावर लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडले की लगेच पुसायचे आणि ॲसिड तर त्याच्या जवळपासही न्यायचे नाही. संगमरवरालाही हाच नियम. चांगल्या ग्रॅनाइटला आणि पाट्याला लिंबाची भीती नाही.

त्या मुलीला मी हा प्रयोग कट्ट्याच्या कोपऱ्यात करायला सांगितला होता. दुसऱ्या दिवशी ती खुशीत आली, "मॅडम, कडप्पाच आहे!" पाठोपाठ तिच्या अम्मीचा निरोपही आला: पुढचा प्रयोग मॅडमनी आपल्या कट्ट्यावर करावा.