जखम एक, न्याय राज्यागणिक

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने दिल्ली परिसरातील सारी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि राजधानीत दोन तट पडले. अकराच दिवसांत त्रिसदस्यीय पीठाने त्या आदेशाला मुरड घातली. निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री, रेबीजग्रस्त वा आक्रमक नसल्यास, मूळ जागी सोडण्यास मुभा मिळाली. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके या मुभेतून वगळली गेली. कुत्र्यांचा ठावठिकाणा असा ठरत गेला. दंश झालेल्या माणसाचा प्रश्न मागेच राहिला.

हा माणूस अपवादात्मक नव्हे. केंद्राने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. उपचारांबाबत संदिग्धता नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, तिखट-चुना भरायचा नाही, लस त्याच दिवशी सुरू करायची. रक्त आले असल्यास जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचावे लागते, कारण लशीचा परिणाम सुरू होईपर्यंतचे दिवस त्याच्याच आधारावर काढायचे असतात. लहान रुग्णालयात नेमके तेच नसते आणि रुग्णाला जिल्ह्याच्या गावी धाडले जाते.

भरपाईचा मार्ग याहून बिकट. कुत्रा पाळीव असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली हलगर्जी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. भटक्या कुत्र्याला मालक कुठला? केरळातील जखमींसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्या. सिरी जगन समिती नेमली. पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मोजपट्टीच आखून दिली: दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये, मांस निघाले असल्यास दर ०.२ सेंटिमीटर जखमेमागे किमान २०,००० रुपये. भरपाईची प्राथमिक जबाबदारी राज्याची आणि निर्णय जिल्हा उपायुक्तांच्या समितीकडे.

मात्र हा निकाल पंजाब, हरयाणा व चंडीगडपुरता. गुरुग्रामच्या गुरू द्रोणाचार्य मेट्रो स्थानकाबाहेर चावा बसला तर ही मोजपट्टी हाताशी आहे. एकच स्थानक अलीकडे, दिल्लीच्या हद्दीतील अर्जनगढला बसला तर ती बंधनकारक नाही. निर्बीजीकरणाचे नियम केंद्राचे, अंमलबजावणी पालिकेची आणि तिजोरीची चावी बहुधा राज्याकडे; जखमीने बोट दाखवावे तरी कोणाकडे? जानेवारी २०२६ मधील सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने राज्यांवर मोठी भरपाई लादण्याचे संकेत दिले, तेव्हा प्रथमच हा प्रश्न दिल्लीच्या मध्यभागी आला. अशा दाव्यात रुग्णालयाचा केसपेपर, लशींच्या तारखा, जखमेचे छायाचित्र आणि पोलिसांतील नोंद हेच जखमीचे साक्षीदार ठरतात.