पिशवी पकडा, पण गठ्ठ्यात

महापालिकेने प्लास्टिक पिशव्यांविरुद्ध मोहीम उघडली, ही बातमी मुंबईच्या उपनगरांना आता सवयीची झाली आहे. जून 2018, मार्च 2020, जुलै 2022, ऑगस्ट 2023... दर वेळी पथके निघाली, अंधेरी-बोरिवली स्थानकांबाहेरच्या पिशव्या हातगाडीखाली सरकल्या आणि मोहीम थंडावताच पुन्हा वर आल्या. यावर ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे उत्तर तयार असते. ते सोयीचे आहे, कारण त्यात प्रशासनाला काहीच बदलावे लागत नाही. माझ्या मते दोष शिस्तीत कमी आणि दंड जिथे आकारला जातो त्या जागेत अधिक आहे. हजारो विक्रेते आणि लाखो गिऱ्हाइके असलेल्या शेवटच्या टोकाला कायदा उभा केला आहे. पिशव्यांचा माल मोजक्या हातांतून जातो तिथे तो फारसा फिरकत नाही.

राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना 23 मार्च 2018 ची, अंमल तीन महिन्यांनी. दंड 2006 च्या कायद्यातला: पहिल्यांदा 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. कागदावर हे जरबेचे वाटते. पण घाटकोपर स्थानकाबाहेर मेथी-कोथिंबीर घेऊन बसलेल्या बाईची सारी टोपली विकली तरी पाच हजार होतील का? निरीक्षकापुढे मग तीनच वाटा उरतात: तिचा धंदा बसवायचा, दम देऊन सोडायचे किंवा आपसांत मिटवायचे. दंड इतका मोठा की तो बहुधा वसूलच होत नाही, आणि न वसूल होणाऱ्या दंडाची भीती किती दिवस टिकणार? दुसरीकडे, संघटित व्यापाऱ्यांनी दबाव आणताच किराणा मालाच्या वेष्टनाला सरकारने आठवडाभरात सवलत दिली. कायदा कुणाला वाकतो, हे फेरीवाल्याला आपल्याहून चांगले कळते.

केंद्राच्या 2016 च्या नियमांत एक तरतूद होती: प्लास्टिक पिशव्या देऊ इच्छिणाऱ्या विक्रेत्याने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करावी आणि वर्षाला किमान 48,000 रुपये भरावेत. रकमेबद्दल वाद घालता येईल, पण त्यातून पालिकेच्या हाती पिशव्यांच्या व्यवहाराची नोंदवही आली असती. मार्च 2018 च्या अखेरीस, महाराष्ट्राची अधिसूचना निघाल्यानंतर काही दिवसांतच, केंद्राने ती तरतूद वगळली. पुढे केंद्राने 2022 च्या अखेरपासून पिशवीची किमान जाडी 120 मायक्रॉन केली, तर राज्याने विघटनशील मालाच्या वस्तूंना सूट दिली. विघटनशील पिशवी आणि साधी पिशवी नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसते. रस्त्यावर उभे राहून हा निवाडा करा, असे निरीक्षकाला सांगणे म्हणजे त्याची थट्टाच.

पिशव्या गाडीवर उगवत नाहीत. फेरीवाला त्या किलोवर घेतो, त्याला कुणीतरी गठ्ठा आणून देतो, आणि त्या गठ्ठ्यामागे गोदाम आणि टेम्पो असतो. पकडलेल्या विक्रेत्याला पावती फाडून देण्याऐवजी ‘हा माल कुणाकडून घेतला?’ असे विचारून त्या नावामागे जायला हवे. शहरात येणारा माल पाहण्याचा अनुभव पालिकेला नाही, असे तर मुळीच नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी येईपर्यंत दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यांवर जकात घेण्यासाठी ट्रकमधल्या मालाची नोंद होत होती. तिजोरीचा प्रश्न होता तेव्हा ट्रकमधला माल दिसत होता. पिशव्यांनी नाले तुंबण्याचा प्रश्न आला तेव्हा फक्त टोपली दिसते.

नाके परत आणले तर रांगा लागतील आणि चिरीमिरी सुरू होईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नाके नकोत; जप्त मालावरून उलटा माग काढणे पुरे. माल परराज्यातून येतो, तिथे पालिकेचा हात पोहोचत नाही, हेही खरे. पण तो उतरतो, साठतो आणि विकला जातो तो याच वॉर्डांत. गिऱ्हाईक पिशवी मागते म्हणून विक्रेता देतो, असेही म्हणतात. आयर्लंडने 2002 मध्ये पिशवीवर 15 सेंट कर लावला आणि वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. तो उपाय बिल फाडणाऱ्या दुकानांना लागू पडेल, हातगाडीला नाही. हातगाडीसाठी बांगलादेशाच्या फसलेल्या बंदीकडे पाहावे. पुरात तुंबलेल्या गटारांच्या अनुभवानंतर त्या देशाने 2002 मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली, पण त्या बनवणारे कारखाने पुरते थांबले नाहीत आणि ढाक्याच्या बाजारातून पिशव्या गेल्या नाहीत. आपणही 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडल्यावर पातळ पिशव्यांवर बोट ठेवले होते.

पुढची मोहीम जाहीर होईल तेव्हा किती किलो प्लास्टिक पकडले आणि किती लाखांचा दंड झाला, हे आकडे येतीलच. के-पश्चिम, आर-मध्य, एन आणि टी या विभाग कार्यालयांनी त्यात आणखी एक रकाना घालावा: त्या महिन्यात आपल्या हद्दीतली पिशव्यांची किती गोदामे सील केली. तो रकाना रिकामा असेल, तर पाच हजारांच्या पावत्यांची बेरीज कुणालाही सांगू नये.