केबलचा तुकडा आणि शेजारधर्म

२६ डिसेंबर २००४ रोजी सुनामीच्या लाटांनी अंदमान बेटांवर आघात केला, त्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी रेडिओचे पथक पोर्ट ब्लेअरमध्ये होते. त्यांनी बेटांवरील माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोचविले. अशा प्रसंगी एकाच छावणीत एक केंद्र ७ मेगाहर्ट्‌झवर बोलत असते व दुसरे १४ वर कान लावून बसलेले असते. पहिल्याच्या लहरीबरोबर दुप्पट वारंवारितेची नको असलेली लहरही निघते आणि दुसऱ्याला येणारा क्षीण निरोप तिच्यात बुडून जातो.

यावर उपाय आहे तो कोएक्सियल केबलच्या एका तुकड्याचा. त्यास स्टब म्हणतात. पाव तरंगलांबीच्या तुकड्याचे दूरचे टोक जोडून बंद केले की ७.१ मेगाहर्ट्‌झच्या लहरीस तो जणू नसतोच, १४.२ च्या लहरीस मात्र तो मार्गातच शॉर्ट करतो.

लांबीचे गणित सोपे आहे. ७५ ला ७.१ ने भागता १०.५६ मीटर येतात. परंतु भरीव पॉलिथिलीनच्या केबलमध्ये लहरीचा वेग प्रकाशाच्या सुमारे ०.६६ पट असतो. म्हणून लांबी ६.९७ मीटर होते. केबलीगणिक हा आकडा थोडा बदलतो, यास्तव प्रथम ७.२० मीटर कापावे. लांबी टी-जोडाच्या मध्यापासून मोजावी.

आता टी-जोडाच्या एका बाजूस अल्प शक्तीचा संकेत-जनित्र व दुसऱ्या बाजूस रिसीव्हर लावावा. प्रक्षेपक जोडू नये. स्टबचे टोक उघडे ठेवून संकेत सर्वांत क्षीण कोठे होतो ते पाहावे. तो बिंदू ७.१ च्या खाली सापडेल. एक सेंटिमीटर कापता तो सुमारे १० किलोहर्ट्‌झ वर सरकतो. शेवटी अर्धा अर्धा सेंटिमीटरच कापावे. कापलेली केबल पुन्हा वाढत नाही. मग मधली तार व जाळी डाख देऊन जोडावी आणि १४.२ वर संकेत बुडतो याची खात्री करावी.

झाशीसारख्या शहरी वैशाखात गच्ची तापते. तेथे स्टब उन्हात टाकू नये, घट्ट गुंडाळूही नये. मऊ झालेल्या पॉलिथिलीनमधून मधली तार सरकते.

परवाना मिळाला म्हणजे बोलण्याचा अधिकार मिळतो. दुसऱ्याचे ऐकणे आपल्यामुळे अडू नये, ही जबाबदारीही त्याबरोबरच येते.