“अजून किती शिकणार?”

वाशिम जिल्ह्यातल्या आपल्या घरांत डी.एड., बी.एड., फार्मसी हे शब्द दादी-नानीलाही ठाऊक आहेत. ‘पोस्टडॉक’ मात्र अजून परका आहे. म्हणून जीवशास्त्रात पीएच.डी. झालेली मुलगी “आता पुण्याला पोस्टडॉक करते” म्हणाली, की अम्मी-अब्बांचा प्रश्न ठरलेला असतो, “अजून किती शिकणार?”

आम्ही या प्रश्नाला दोष देत नाही. सोयाबीन-तुरीच्या उत्पन्नावर ज्यांनी मुलांना इतकी वर्षे शिकवले, त्यांना हिशेब मागण्याचा हक्क आहे. तर हिशेबच मांडू या.

पोस्टडॉक म्हणजे शिक्षण नव्हे, काम आहे. त्यात फी नाही, परीक्षा नाही. विद्यापीठातल्या किंवा संशोधन संस्थेतल्या प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीसाठी पगारी संशोधन करायचे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुधारलेल्या दरांप्रमाणे रिसर्च असोसिएटला सुरुवातीला दरमहा ५८,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही नोकरी कायमची नाही. प्रकल्प संपला की जागा संपते. प्राध्यापकाच्या कायम जागाही थोड्या. पण त्या जागेसाठी स्वतःच्या नावावर शोधनिबंध लागतात, आणि ते याच वर्षांत तयार होतात.

ओबैद सिद्दीकी यांचे उदाहरण पाहा. अलिगढला शिकून त्यांनी ग्लासगोला पीएच.डी. केली आणि पुढे अमेरिकेत पोस्टडॉक. तिथल्या जनुकांवरील कामाने त्यांचे नाव झाले. १९६२ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणले. तिथे त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रही त्यांच्याच हातून उभे राहिले.

जाहिरातीची वाट पाहत बसू नये. आपल्या विषयाच्या प्राध्यापकांना थेट पत्र लिहावे. त्यात आपण काय केले आणि त्यांच्याकडे काय करायचे आहे, हे एका पानात सांगावे. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठीही आधी मार्गदर्शकाची संमती लागते. तिची वयोमर्यादा ३५ वर्षे असून स्त्रियांना आणि ओबीसींना ५ वर्षांची सवलत आहे. म्हणून जातीचे व नॉन-क्रीमिलेअरचे दाखले आधीच काढून ठेवावेत. अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी.

मुलींबाबत एक विनंती. पीएच.डी. होईतो वय तिशीकडे झुकते आणि रिश्त्यांची घाई सुरू होते. निकाह आणि संशोधन एकमेकांच्या आड येत नाहीत, पण बोलणी करतानाच “ती दोन वर्षे प्रयोगशाळेत काम करणार आहे” हे समोरच्या घराला स्पष्ट सांगावे. नंतर सांगितले की तंटा होतो, आणि माघार बहुधा मुलगीच घेते.

अल्पसंख्याकांना पीएच.डी.साठी मिळणारी मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली. आता इथवर पोचणेच अवघड झाले आहे. जे पोचले, त्यांना घरच्यांनी तरी शेवटच्या पायरीवर थांबवू नये.