जोखीम वाढते, तेव्हाच सोबत सुटते

पानिपतजवळच्या काला अंब येथील स्तंभासमोर उभा राहणारा मराठी माणूस सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव यांच्या स्मरणाने गहिवरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तेथे आणखी एक गोष्ट आठवते. १४ जानेवारी १७६१ रोजी युद्धाला तोंड फुटले, त्याआधीच मराठ्यांची रसद तुटलेली होती. छावणीत लढवय्यांबरोबर यात्रेकरू होते, बायकामुले होती आणि उपासमारीने सारेच जेरीस आले होते. शौर्याला तोटा नसताना मागची साखळी तुटली, तर काय होते, याचा तो धडा आहे.

या धड्याची आठवण मला आज वेगळ्या कारणाने होते. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेची घोषणा २२ जानेवारी २०१५ रोजी याच पानिपतातून झाली. गर्भवतींना मोफत उपचार आणि वाहन देणारी जननी शिशु सुरक्षा योजनाही २०११ मध्ये हरियाणातील मेवातमधूनच सुरू झाली. राज्यातील दहापैकी नऊहून अधिक प्रसूती आता रुग्णालयांत होतात. तरीही २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार, दर लाख जिवंत जन्मांमागे हरियाणात ११० माता दगावल्या. देशाची सरासरी तेव्हा ९७ होती आणि महाराष्ट्राचा आकडा ३३. म्हणजे रुग्णालयाच्या दारापर्यंत स्त्रीला आणणे जमले. दाराच्या आत, आणि एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत, तिला सांभाळणे अजून साधलेले नाही.

सेवेत असताना मातामृत्यूंच्या जिल्हास्तरीय आढाव्याला मी बसत असे. मृत स्त्रीच्या नातेवाइकांचे म्हणणे ऐकून घेणे हा त्या आढाव्याचा भाग असतो. एका प्रकरणात स्त्रीचा रक्तदाब वाढल्याची नोंद वेळेवर झालेली होती. तिच्या कार्डावर अतिजोखमीची लाल चिठ्ठीही चिकटवली होती. पुढे तिला एका रुग्णालयातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या रुग्णालयात पाठवण्यात आले. प्रत्येक ठिकाणी कार्ड पाहिले गेले; परंतु डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हे ती दोन दिवस सांगत होती, ते ऐकून घेणारे एकच माणूस आरंभापासून अखेरपर्यंत तिच्याबरोबर नव्हते. कागदोपत्री कोणाचीही चूक निघाली नाही. ती बैठक मी आजही विसरू शकलेलो नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसाविका-सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. परिचारिकांना अठरा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन ‘नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ’ घडवायच्या आणि त्यांच्या नेतृत्वाखाली प्रसूती-कक्ष चालवायचे, ही कल्पना स्वागतार्ह आहे. मात्र हे कक्ष मुख्यतः कमी जोखमीच्या स्त्रियांसाठी आहेत. गुंतागुंत दिसताच स्त्री प्रसूतितज्ज्ञाकडे सोपवली जाते. ते योग्यच आहे. पण त्याच क्षणी प्रसाविकेचे काम संपले असे मानणे योग्य नाही. जिला रक्तक्षय आहे, मधुमेह आहे, जिचे आधीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले आहे, तिला डॉक्टर तर हवाच. शिवाय रोजचा रक्तदाब पाहणारी, औषधे आणि आहार समजावणारी, वाहन व रक्तदाता आधी ठरवून ठेवणारी, कळांच्या वेळी उशाशी बसणारी प्रसाविकाही तिलाच सर्वाधिक हवी. आपली व्यवस्था नेमके उलटे करते.

यावर प्रसूतितज्ज्ञांचा आक्षेप असा, की प्रसाविकांना गुंतागुंतीत गुंतवले तर त्या मर्यादा ओलांडतील आणि स्त्री तज्ज्ञाकडे उशिरा पोहोचेल. ही भीती निराधार नाही. म्हणूनच अधिकारांची रेषा लेखी हवी. निदान आणि शस्त्रक्रियेचा निर्णय तज्ज्ञाचा. देखरेख, सोबत आणि धोक्याची पहिली हाक प्रसाविकेची. ही वाटणी जगाला नवी नाही. स्वीडनने १८२९ मध्येच, डॉक्टर वेळेत पोहोचू शकणार नाही अशा प्रसंगी प्रशिक्षित प्रसाविकांना चिमट्यासारखी उपकरणे वापरण्याची मुभा दिली होती. विरळ वस्तीच्या त्या देशाने डॉक्टर आणि प्रसाविका यांना प्रतिस्पर्धी न मानता एका साखळीच्या कड्या मानले आणि एकोणिसाव्या शतकातच मातामृत्यू लक्षणीय घटवले.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेताना प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. स्वतःचे बाळ अवघ्या दहा दिवसांत गमावलेल्या त्या तरुणीला उपचाराइतकीच, स्त्रीला समजून घेणाऱ्या स्त्रीची उणीव जाणवली होती.

करण्याजोग्या गोष्टी तीन आहेत. अतिजोखमीच्या प्रत्येक गर्भवतीची नोंद होताच तिच्यासाठी एका प्रसाविकेचे नाव निश्चित व्हावे. स्त्रीला पुढच्या रुग्णालयात पाठवताना प्रसाविकेने तिच्याबरोबर जावे आणि पूर्ण माहिती देऊनच परतावे. त्यासाठी भत्ता आणि बदली कर्मचारी यांची तरतूद असावी. आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांत, जेव्हा रक्तस्राव आणि झटके जीव घेतात, तेव्हा ती देखरेख सुटू नये. पानिपतच्या कापड-कारखान्यांत परराज्यांतून आलेल्या कामगार कुटुंबांतील स्त्रियांना याची गरज अधिक आहे. माहेर दूर असलेल्या बाईला दुसरे कोण असते?

दरवर्षी संक्रांतीच्या दिवशी काला अंब येथे शूरांना मानवंदना दिली जाते. ती द्यावीच. पण तेथून जवळच्याच एखाद्या रुग्णालयातून लाल चिठ्ठीचे कार्ड हातात धरून एखादी स्त्री त्याच दिवशी एकटी पुढे पाठवली जात असेल, तर रसदेचा तो धडा आपण अजून शिकलेलो नाही.