मिनी मंत्रालयाला कारभारी नव्हता. आता हिशेब कोण मागणार?

जिल्हा परिषदेला आपण मिनी मंत्रालय म्हणतो. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तिथं अध्यक्ष, सभापती, सदस्य कुणीच उरलं नाही. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. ठराव करणारे तेच, राबवणारेही तेच.

राज्यघटनेच्या कलम 243-ई नुसार मुदत संपण्याआधीच निवडणूक व्हायला हवी. पण ओबीसी आरक्षण आणि गटरचनेच्या वादात ती अडकली. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या, असा आदेश दिला. पुढं ही मुदत 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढली.

यात नुकसान गावाचं झालं. शाळेचं छप्पर गळतंय, उपकेंद्रात नर्स नाही, हे पूर्वी गटातल्या सदस्याच्या दारात जाऊन सांगता यायचं. तो सभेत अधिकाऱ्याला जाब विचारायचा. आता जो तो आमदारांचं पत्र आणायला पळतो. त्यात पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान लोकनियुक्त संस्थांनाच मिळायचं, त्यामुळे त्या वाट्यालाही फटका बसला.

म्हणून उमेदवार दारात आला, की रस्ता-गटार मागण्याआधी एवढंच विचारा: प्रशासक काळात आपल्या गटात किती निधी आला, कुठं खर्च झाला, याचा हिशेब पहिल्याच सर्वसाधारण सभेत मागणार का? जो ‘बघू’ म्हणेल, त्याचं आपणही बघू.